न विझणारा दाह

पायात काटा मोडला की दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. ही चारही लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकातच नोंदवून ठेवली आहेत. यालाच आपण दाह म्हणतो. दाह हा रोग नव्हे, ते दुरुस्तीचे काम आहे. इजा झालेल्या जागी केशवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंतीतून पांढऱ्या पेशी बाहेर पडतात आणि जंतूंना गिळू लागतात. १८८२ साली इटलीतील मेसिना येथे इल्या मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला, तेव्हा त्याभोवती पडलेला भक्षक पेशींचा गराडा त्यांना सूक्ष्मदर्शकातून दिसला.

काटा निघाला की काम संपते. मात्र ते नुसते थंडावत नाही, थांबवावे लागते आणि त्यासाठी शरीरात वेगळे रासायनिक संदेश असतात. दाह शिकवताना हा भाग गाळू नये, असे आम्हांला वाटते.

पण काटा निघालाच नाही तर?

रोहिणीच्या भिंतीत साचलेले कोलेस्टेरॉल हा असाच काटा. भक्षक पेशी ते गिळतात, पण त्याचे विघटन त्यांना करता येत नाही. मेदाने फुगून त्या तिथेच मरतात आणि त्यांच्या अवशेषांमुळे आणखी पेशी धावून येतात. वर्षानुवर्षे हे चालू राहते. वरून ना सूज दिसते, ना ठणका लागतो. धूम्रपान आणि पोटावरची चरबी या दाहाला खतपाणी घालतात. एखाद्या दिवशी त्या थरावरचे आवरण फाटते, रक्ताची गुठळी होते आणि हृदयविकाराचा झटका येतो.

आग लागते तिथे बंब दिसतोच, म्हणून आग बंबाने लावली असे म्हणता येईल का? दाह हे कारण की नुसता सोबती, हा प्रश्न बरीच वर्षे लोंबकळत होता. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने त्याचे बरेचसे उत्तर दिले. पूर्वी झटका येऊन गेलेल्या सुमारे १०,००० रुग्णांपैकी काहींना कॅनाकिनुमॅब हे औषध टोचण्यात आले. दाह पेटवणारा इंटरल्युकिन-१ बीटा हा रासायनिक संदेश ते अडवते. कोलेस्टेरॉल होते तेवढेच राहिले. तरीही १५० मिलिग्रॅमच्या गटात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि त्यांसारख्या कारणांनी होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी घटले.

मग सर्वांनाच हे औषध का देत नाहीत? कारण औषध घेणाऱ्यांत जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाढले आणि एकूण मृत्युदरात लक्षणीय फरक पडला नाही. हृदयातला दाह मंदावला, तशी जंतूंविरुद्धची फळीही दुबळी झाली. एकाच दुकानात ‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ आणि ‘दाह घटवणाऱ्या’ गोळ्या शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. दोन्ही डब्यांवरचे दावे त्याच पेशींविषयी आहेत, हे विकणाऱ्याच्या ध्यानात येत नसावे.