घाण खाणारे जिवाणू

आमच्या शाळेच्या नळामागे शोषखड्डा आहे. मी गुरुजींना विचारले, "घाण पाणी आत जाते, मग घाण कुठे जाते?" गुरुजी म्हणाले, "जिवाणू खातात." मला हसूच आले. पण ते खरे आहे. पुढचेही गुरुजींनीच सांगितले.

जिवाणू डोळ्यांना दिसत नाहीत. आई विरजण लावते, तेव्हा दुधाचे दही तेच करतात. शहरात गटाराचे पाणी मोठ्या हौदात आणून त्यात हवा सोडतात. हवा मिळाली की जिवाणू घाण खातात, वाढतात, मग त्यांचा गाळ तळाशी बसतो. वरचे पाणी नितळ होते. थोडा गाळ पुन्हा नव्या पाण्यात टाकतात, अगदी विरजणासारखा! ही रीत १९१४ साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न व लॉकेट यांनी दाखवली.

पण गटारात रोगाचे जिवाणूही येतात. काहींना औषध लागू पडत नाही. औषधापासून कसे वाचायचे, ते त्यांच्या जनुकात असते. जनुक म्हणजे जिवाच्या आतली चिठ्ठीच. जिवाणू तिची नक्कल करून शेजारच्याला देतात. (आम्ही पण वर्गात चिठ्ठी देतो, पण गुरुजी पकडतात. हौदात कोण पकडणार?)

माझ्या आजीच्या पायाला जखम झाली होती. पहिल्या गोळ्यांनी गुण आला नाही. दुसऱ्या गोळ्या दिल्या, तेव्हा आजी उंबऱ्याबाहेर आली. त्याही चालल्या नसत्या तर?

आता चिठ्ठी कापायची कात्री निघाली आहे. तिचे नाव क्रिस्पर. ती लोखंडाची नाही, जिवाणूंकडूनच घेतली आहे. ती हवी तिथे कशी चालवायची, ते २०१२ साली शार्पेंतिए आणि डाउडना या दोन बाईंनी दाखवले. २०२० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. प्रयोगशाळेत या कात्रीने औषधाला न जुमानणारी चिठ्ठी कापूनही झाली आहे.

आजी म्हणाली, "मंग तुमचे हे बदललेले किडे नदीत पळाले तर?"

त्यावरही काम चालू आहे. २०१५ साली अमेरिकेत हार्वर्ड आणि येल विद्यापीठांनी आतड्यात राहणाऱ्या जातीचे जिवाणू असे बदलले, की माणसाने बनवलेला एक पदार्थ दिला तरच ते जगतात. निसर्गात तो मिळत नाही. बाहेर गेले की मेले. कोट्यवधी जिवाणू तपासले, त्यांत पक्क्या केलेल्या जातीचा एकही सुटलेला सापडला नाही.

हे सांगितल्यावर आजी म्हणाली, "नदीत मोजले का प्रयोगशाळेत?"

मी म्हणालो, "प्रयोगशाळेत."

"मंग नदीचं विचार गुरुजींना."

– इयत्ता ४ थी