चिठ्ठी आणि चौथा गट

अमळनेरला संख्याशास्त्र घेतलेली आपली मुले विचारतात, "सर, बँकेच्या परीक्षेपलीकडे या विषयाचा उपयोग काय?" त्यांच्यासाठी उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातली एक चाचणी सांगतो.

ऑक्टोबर १९९९ पासून तेथे ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास झाला. गावांचे ५२ समूह पाडले आणि कोणत्या समूहाला कोणती तपासणी हे चिठ्ठी टाकावी तसे ठरवले. चिठ्ठी बाईची नव्हे, गावांची. कारण पथक गावात आले की एकीला तपासून शेजारणीला परत पाठवणे अवघड. मात्र एका गावच्या बायका कष्ट, आहार, लग्नाचे वय यांत बऱ्याच सारख्या असतात. त्यामुळे लाखाची संख्या हिशेबात लाखाइतकी भरत नाही. ही तूट आधीच धरून किती स्त्रिया लागतील ते सांगणे, हे संख्याशास्त्रज्ञाचे खरे कसब.

तीन गटांना तीन प्रकारच्या तपासण्या मिळाल्या. चौथ्याला 'नेहमीची व्यवस्था'.

निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. एचपीव्ही विषाणूची तपासणी ज्यांना नेमून दिली त्या ३४,१२६ स्त्रियांत कर्करोग १२७ जणींना आढळला, चौथ्या गटातल्या ३१,४८८ स्त्रियांत ११८ जणींना. घाईचा वाचक म्हणेल, तपासणीने साधले काय? संख्याशास्त्रज्ञ विचारतो, रोग कोणत्या टप्प्यावर सापडला? दुसऱ्या वा पुढच्या टप्प्यावर पोचलेल्या पहिल्या गटात ३९, चौथ्यात ८२. मृत्यू ३४ आणि ६४.

ते ६४ आकडे म्हणून वाचून पुढे जाता येत नाही. 'नेहमीची व्यवस्था' म्हणजे तपासणी कोठे मिळेल एवढी माहिती. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला ती नसल्यासारखीच. अभ्यासाचे समर्थक म्हणतात, तेथे एरवीही तपासणी नव्हती, आणि तुलनेवाचून आपल्या देशात काय चालेल ते कळले नसते. दुसरे म्हणणे मला पटते. पहिले नाही. श्रीमंत देशांत पॅप तपासणीचा गुण दशकांपूर्वीच दिसला होता. आपल्या बायकांची वंचनाच येथे तुलनेची फूटपट्टी झाली.

आणि हे आकडेमोडीनंतर नव्हे, चिठ्ठी टाकण्याआधी ठरते. तुलनागटाला काय द्यायचे, मधल्या मोजणीत किती फरक दिसला तर अभ्यास थांबवायचा, तो संपल्यावर चौथ्या गटाची तपासणी कोण करणार, हे सारे आराखड्यात लिहिता येते. त्या आराखड्यावर संख्याशास्त्रज्ञ डॉक्टरांच्या बरोबरीने बसतो, आणि त्याला 'नाही' म्हणता येते.