पॉव्ह-रे आज्ञावलीतील प्रतिमादोष : कारणे व उपाय

प्रस्तावना : प्रकाशशास्त्राच्या अध्यापनात पॉव्ह-रे ही विनामूल्य आज्ञावली उपयुक्त ठरते. टर्नर व्हिटेड यांनी १९८० मध्ये मांडलेल्या किरण-अनुरेखनाच्या, अर्थात रे ट्रेसिंगच्या, तत्त्वानुसार ती कॅमेऱ्यापासून निघालेल्या किरणाचा परावर्तन व अपवर्तनासह माग घेते. म्हणूनच प्रतिमेतील दोष शोधताना किरणाचाच मार्ग तपासणे श्रेयस्कर होय.

दोष व उपाय :
१) जवळजवळ काळी प्रतिमा : दृश्यात प्रकाशस्रोत नसणे किंवा कॅमेरा अपारदर्शक वस्तूच्या आत असणे, ही नेहमीची कारणे होत.
२) पृष्ठभागावर ठिपके : दोन पृष्ठे तंतोतंत एकाच प्रतलात असल्यास किरण प्रथम कोणत्या पृष्ठास भेटतो हे निश्चित होत नाही. एक पृष्ठ किंचित सरकवावे.
३) काचेतून किरण न वळणे : केवळ पारदर्शकता दिल्याने अपवर्तन होत नाही. अपवर्तनांक, साध्या काचेसाठी सुमारे १.५, स्वतंत्रपणे द्यावा लागतो.
४) काचेत काळे डाग : किरणाच्या पुनरावर्तनाची मूळ मर्यादा ५ असते. ती ओलांडताच काळा रंग मिळतो. ‘मॅक्स ट्रेस लेव्हल’चे मूल्य वाढवावे.

निष्कर्ष : पहिले दोन दोष तत्काळ लक्षात येतात, शेवटचे दोन देखण्या प्रतिमेत दडून राहतात. काचेने प्रकाश शोषल्यामुळे डाग पडला, असा विद्यार्थ्याचा समज झाल्यास आज्ञावलीची मर्यादा निसर्गनियम म्हणून शिकवली जाईल. मर्यादा वाढवताच नाहीसा होणारा डाग हा काचेचा गुणधर्म नव्हे. ही चाचणी प्रतिमा वर्गात दाखविण्यापूर्वीच घेणे आवश्यक आहे.