पावसातला उसळ-पाव: डहाणू-तलासरीच्या नाक्यांवरचं गरम जेवण

आषाढाची झड लागली की डहाणू रोड स्टेशनबाहेर, चारोटी नाक्यावर, तलासरीत महामार्गाच्या कडेला ताडपत्रीखालच्या गाड्यांभोवती माणसं दाटीवाटीने उभी दिसतात. भजी आणि वडे तर खपतातच. पण भिजून आलेल्या माणसाचं पोट भरतं ते उसळ-पावाने. लालभडक गरम रस्सा, त्यात वाटाणे, वर मूठभर शेव, बाजूला दोन पाव. याला नाश्ता म्हणायची पद्धत आहे, पण या भागात अनेकांचं ते दिवसातलं एक पूर्ण जेवण असतं.

हे जेवतं कोण

16 एप्रिल 2013 पासून मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली आणि इथून रोज कामाला जाणाऱ्यांची गर्दी वाढली. तलासरीच्या पाड्यांवरून उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत जाणारे मजूर वेगळेच. ते पहाटे निघतात, तेव्हा घरची चूल पेटलेली असतेच असं नाही. त्यात महामार्गावरचे ट्रकचालक आणि चिकूच्या वाड्यांत काम करणारे. या सगळ्यांना पावसात हवं असतं ते झटपट मिळणारं, अंगात ऊब आणणारं आणि खिशाला झेपणारं काहीतरी.

पावसाळ्यात रस्साच का

1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या असतात आणि ताजी मासळी कमी होते. मग घराघरांत उन्हाळ्यात वाळवलेले बोंबील आणि सुकट निघतात, नाहीतर कडधान्याचा डबा उघडतो. तिकडे पाड्यांवर आवणीचे दिवस. चिखलात दिवसभर वाकून आलेल्या बाईला तांदळाची पेज, उडदाची आमटी, नागलीची भाकरी असं साधं जेवण बरं वाटतं. पहिल्या पावसात शेताच्या बांधावर खेकडे मिळाले, तर त्यांचे पाय वाटून, गाळून केलेला रस्सा होतो. माझ्या मते या मुलखातली पावसाळ्यातली सगळ्यांत चविष्ट गोष्ट तीच. ती गाडीवर मिळत नाही. गाडीवर मिळते ती तिची स्वस्त, शाकाहारी बहीण. पातळ, तिखट आणि गरम जेवणाची जी सवय घरात आहे, तीच रस्त्यावर आली आहे.

गाडीवरची उसळ कशी होते

पांढरे वाटाणे रात्री भिजत पडतात. सात-आठ तासांत ते पाणी पिऊन वजनाने दुपटीच्या आसपास जातात. गाडीचं अर्थशास्त्र इथूनच सुरू होतं. बटाट्याच्या फोडी घालून वाटाणे शिजवले की बटाटा थोडा विरघळतो आणि रस्सा आपोआप दाटतो. कांदा आणि सुकं खोबरं भाजून, आलं-लसणासोबत वाटून घेतात. खरं कसब आहे तर्रीत. मिरचीचा रंग आणि तिखटपणा पाण्यात नीट उतरत नाही, तेलात उतरतो. म्हणून मिरचीपूड तापलेल्या तेलात, पण गॅस मंद करूनच पडली पाहिजे. तेल जास्त तापलं असेल तर मसाला करपतो आणि कडवट चव पातेलं संपेपर्यंत जात नाही. वर तरंगणारा हा तेलाचा थर दिसायला छान असतोच, शिवाय तो वाफ अडवतो, म्हणून वाऱ्यातही रस्सा लवकर निवत नाही.

सकाळची पहिली वाटी वाटाण्यांनी भरलेली असते. दुपारपर्यंत पातेल्यात उकळतं पाणी आणि मसाला पुन्हा पडतो, वाटाणा विरतो आणि रस्सा मुरतो. मला ही दुपारची वाटी जास्त आवडते. ‘जरा रस्सा टाक’ म्हणायला इथे कुणी लाजत नाही. पैसे पडतात ते जादा पावाचे, रस्सा बहुधा तसाच मिळतो. कमी पैशांत पोट भरतं ते या रिवाजामुळे. शेव आणि पापडीचा सढळ हात मात्र शेजारच्या गुजरातचा.

पोषणातही ही जोडी वाईट नाही. सुक्या वाटाण्यात शंभर ग्रॅममागे वीस ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात, आणि गव्हात जे लायसिन कमी पडतं ते वाटाणा पुरवतो.

संध्याकाळी चायनीजच्या गाड्यांवर मंचाव सूपही मिळतं. लसणाचा वास आणि तळलेल्या नूडल्स यांनी मन खूश होतं, पण त्याचा दाटपणा कॉर्नफ्लॉरचा. तेवढ्यावर रात्र निघत नाही.

पावसात काय बघून खावं

उकळत्या रश्शाची भीती कमी. अन्न 60 अंशांच्या वर गरम राहिलं तर त्यात जंतू वाढत नाहीत, म्हणून पातेल्याखाली आच चालू आहे का, ते आधी बघावं. धोका असतो तो भोवतालच्या कच्च्या गोष्टींत: कधीचा चिरून ठेवलेला कांदा, कोथिंबीर, जगमधलं पाणी, एकाच बादलीत बुचकळलेल्या ओल्या ताटल्या. कांदा समोर चिरून मागावा, नाहीतर सोडावा. वर्तमानपत्रात खाणं बांधून घेऊ नये. छपाईची शाई अन्नात उतरते, आणि 2018 च्या पॅकेजिंग नियमांनी त्याला मनाईही आहे.

गाडीवाल्याचा पावसाळा

गिऱ्हाईक वाढतं त्याच दिवसांत गाडी लावणं सगळ्यांत अवघड असतं. वाऱ्याने गॅस विझतो, पाव सादळतात, पायाखाली पाणी साचतं, आणि वरून जागा हलवायला सांगणारा कुणी येतो. या लोकांच्या बाजूने कायदा आहे. पथविक्रेता कायदा 2014 नुसार सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्र दिलं जाईपर्यंत जुन्या विक्रेत्याला हटवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडून यावे लागतात आणि त्यातल्या एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. जून 2020 मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत सुरुवातीला 10,000 रुपयांचं खेळतं भांडवल तारणाशिवाय मिळू लागलं.

हा कायदा फक्त उसळवाल्यांसाठी नाही. पाटीत शेवळं आणि बांबूचे कोवळे कोंब घेऊन रस्त्याकडेला बसणाऱ्या वारली बायकाही पथविक्रेत्याच आहेत. डहाणू नगरपरिषद आणि तलासरी नगरपंचायतीच्या हद्दीत त्यांच्यासाठी पत्र्याचं छप्पर, वाहत्या पाण्याचा नळ आणि सांडपाण्याचं गटार एवढं केलं, तरी ताटल्या धुण्याचा प्रश्नही त्यातच सुटेल.