मोटारीचे दार आणि ध्वनिक्षेपक

घरातील ध्वनिक्षेपक बहुधा जाड लाकडी पेटीत बसविलेला असतो. मोटारीत पेटीचे हे काम दाराला करावे लागते. पण दाराची घडण त्यासाठी झालेली नसते. बाहेरचा पत्रा जेमतेम ०.७ ते ०.८ मिलिमीटर जाड असतो, आणि काच वरखाली करणारी यंत्रणा बसविता यावी म्हणून आतल्या पत्र्यात मोठी भोके ठेवलेली असतात. चांगला ध्वनिक्षेपकही मोटारीत पुष्कळदा निराशा करतो, त्याचे कारण येथे आहे.

ध्वनिक्षेपकाचा शंकू पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. म्हणजे पुढचा आणि मागचा तरंग परस्परविरोधी असतात. हवेत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ३४० मीटर असल्याने १०० हर्ट्‌झच्या खर्ज स्वराची तरंगलांबी ३.४ मीटर भरते. भोकापर्यंतचे अंतर तिच्या मानाने नगण्य असते. त्यामुळे भोकातून बाहेर पडणारा मागचा तरंग पुढच्या तरंगाला जवळजवळ पुसून टाकतो. तरंगलांबी लहान असल्याने उंच स्वरांना मात्र ही झळ फारशी लागत नाही. म्हणून गायकाचा आवाज स्पष्ट ऐकू येतो आणि तबल्याचा बायाँ हरवतो. यावर उपाय एकच : आतल्या पत्र्यातील भोके भक्कमपणे बंद करणे आणि ध्वनिक्षेपकाच्या कडेची फट बुजविणे.

दुसरा दोष पत्र्याच्या अनुस्पंदनाचा. ठराविक कंप्रतेला पत्रा स्वतःच नगाऱ्यासारखा घुमू लागतो. अशा पत्र्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा असलेले ब्यूटिल रबर चिकटवितात. पत्रा वाकताना रबर ताणले जाते आणि कंपनाची ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. त्यासाठी सारा पत्रा मढविण्याची गरज नसते. आधार नसलेल्या मधल्या भागाचा चौथा हिस्सा झाकला तरी बराचसा परिणाम साधतो. मात्र पत्रा तेलकट राहता कामा नये आणि थर रुळाने घट्ट दाबला पाहिजे.

यालाच कोणी ध्वनिरोधन समजतात. पण ती वेगळी गोष्ट आहे. आवाज अडविण्यासाठी वस्तुमान लागते, आणि ते दुप्पट केले तरी जास्तीत जास्त ६ डेसिबेलचाच फरक पडतो. शिवाय खिडकीची काच आहे तशीच राहते.

हे काम करताना एक पथ्य कटाक्षाने पाळावे. पावसाचे पाणी काचेच्या कडेने दारात उतरते व तळाच्या छिद्रांतून निघून जाते. ती छिद्रे बुजली, अथवा पाणी शोषणारा स्पंज आत भरला, तर दार आतून गंजते. त्याचप्रमाणे काही मोटारींत, बाजूने धक्का बसताच दारातील हवेचा वाढलेला दाब ओळखून सुरक्षा-पिशवी उघडविणारे संवेदक असतात. अशा दाराची भोके बंद करण्यापूर्वी उत्पादकाच्या सूचना पाहणे आवश्यक आहे. संगीताचे सुख प्रवाशाच्या सुरक्षिततेहून मोठे नाही.