कामाचा मेल स्पॅममध्ये जातो तेव्हा

मागच्या दिवाळीआधीची गोष्ट सांगतो. आमच्या एका गटाची चकली भाजणी शहरातल्या एका दुकानाला आवडली होती. "ऑर्डर मेलवर पाठवतो," असं दुकानदार म्हणाले. आम्ही रोज मेल उघडून बघत होतो, पण काही येईना. शहरातली माणसं बोलतात एक आणि करतात एक, असं बैठकीत बोलूनही झालं. १५ दिवसांनी सचिवताईंच्या मुलीने सहज स्पॅम नावाचा कप्पा उघडला. लॉटरी लागली, कर्ज मंजूर झालं, अशा मेलच्या गर्दीत आमची ऑर्डर पडली होती. ६० किलो भाजणी, ८ दिवसांत होकार कळवा. लगेच फोन लावला, तर त्यांनी माल दुसरीकडून घेतला होता. उगीच नावं ठेवली म्हणून आम्हालाच ओशाळल्यासारखं झालं.

बहुतेक गटांचं खातं जीमेलवर असतं, म्हणून त्याचंच सांगतो. आलेला प्रत्येक मेल आधी एक यंत्रणा पाखडते. आपण सुपात धान्य पाखडतो तेव्हा फोलाबरोबर दोन-चार दाणेही उडतात, तसंच तिथे होतं. पत्ता ओळखीचा आहे का, आपण त्याला कधी उत्तर दिलंय का, हे यंत्रणा बघते. मेल खरंच त्याच पत्त्यावरून निघाला याचा एक तांत्रिक शिक्काही असतो. फेब्रुवारी २०२४ पासून गुगलने तो सक्तीचा केला, आणि घाऊक मेल पाठवणाऱ्यांना नियम आणखी कडक लावले. स्वतःच्या नावाचा मेल-पत्ता घेतलेल्या छोट्या दुकानदाराने हा शिक्का बसवून घेतला नसेल, तर तो प्रामाणिक असूनही अडकू शकतो.

आणखी एक कारण आहे, ते आपल्या बोटाचं. आमच्याच एका ताईंनी फोन मोकळा करायचा म्हणून बँकेचे मेलसुद्धा निवडून स्पॅमचं बटण दाबलं होतं. नको असलेला मेल काढायचा तर डिलीट करा. स्पॅम दाबलं की यंत्रणा समजते, ह्या पत्त्याचं पत्र हिला नकोच आहे.

आता फोन हातात घ्या. जीमेल उघडा. वर डाव्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा दिसतील, त्या दाबा आणि खाली सरकत स्पॅमपर्यंत जा. इथे मेल आला तर फोन वाजत नाही, आणि वरच्या पट्टीत नाव टाकून शोधलं तरी इथलं सहसा सापडत नाही. इथे स्वतःच जाऊन बघावं लागतं. ३० दिवसांनी इथले मेल आपोआप कायमचे पुसले जातात. म्हणजे महिन्याच्या बैठकीपर्यंत थांबून चालत नाही, आठवड्यातून एकदा तरी डोकावा.

कामाचा मेल सापडला की उघडा. तो इथे का आला ते वरच्या चौकटीत थोडक्यात लिहिलेलं असतं, आणि तिथेच 'स्पॅम नाही' अशा अर्थाचं बटण असतं. ते दाबा, मेल इनबॉक्समध्ये जाईल. मग पाठवणाऱ्याचा पत्ता त्याच खात्याच्या संपर्कांमध्ये जतन करा आणि दोन ओळींचं का होईना, उत्तर द्या. नेहमीच्या गिऱ्हाइकासाठी संगणकावर जीमेलच्या सेटिंगमध्ये फिल्टर करता येतो. त्यात 'स्पॅममध्ये कधीही पाठवू नका' यावर खूण करायची.

पण थांबा. त्या कप्प्यात खरोखरचे चोरही बसलेले असतात. नाव बँकेचं दिसलं म्हणून भुलू नका, नाव कोणालाही लिहिता येतं. नावावर बोट ठेवून आतला पूर्ण पत्ता अक्षर-अक्षर वाचा. सरकारी कार्यालयाचा पत्ता साधारणपणे डॉट गव्ह डॉट इन किंवा डॉट एनआयसी डॉट इन असा संपतो. शंका असेल तर आतली लिंक दाबू नका, पासबुकावरच्या नंबरवर बँकेलाच विचारा. पैसे गेलेच तर लगेच १९३० लावा.

आपला मेलही समोरच्याच्या स्पॅममध्ये जाऊ शकतो. आम्ही पूर्वी विषयाची जागा कोरी ठेवून नुसते फोटो जोडायचो, आणि तेच ४० दुकानांना एकदम पाठवायचो. आता 'चकली भाजणी, दरपत्रक' असा विषय लिहितो, आत गटाचं नाव, गाव आणि दोन वाक्यं लिहितो, आणि एकेका दुकानाला वेगळं पाठवतो. पाठवल्यावर फोन करून सांगतो, "दादा, मेल टाकलाय, दिसला नाही तर स्पॅममध्ये बघा." परवा एकाने फोन चालू ठेवूनच बघितलं. तिथेच होता.