१५८ नापास, १४९ पास

माजलगावला एसटी स्टँडासमोर माझं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा, पीकविमा आणि ‘नीट’चा निकाल लागला की प्रवेशाचे फॉर्म. आयुर्वेदाला ‘नीट’ सक्तीची झाल्यापासून दरवर्षी काउंटरवर तोच प्रश्न येतो, “भाऊ, बीएएमएसला किती मार्क लागतात?” एका आकड्यात याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. का ते एका घराच्या हकिकतीवरून सांगतो.

शेजारच्या गावचे एक मामा आहेत. त्यांच्या थोरलीला २०२३ साली ७२०पैकी १४१ मार्क पडले. खुल्या प्रवर्गाची पात्रता त्या वर्षी १३७ होती, म्हणजे चार मार्कांनी ती आत आली. कॅपच्या, म्हणजे सरकारी केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेच्या, एकाही फेरीत तिचं नाव लागलं नाही. शेवटी एका खासगी महाविद्यालयात संस्थास्तरावरची जागा मिळाली. फीचा आकडा ऐकून मामा माझ्या दुकानातल्या स्टुलावर बराच वेळ बसून राहिले होते.

पुढच्या वर्षी धाकट्याला १५८ पडले. “तायडीपेक्षा सतरा जास्त!” म्हणत मामा पेढ्यांचा पुडा घेऊनच आले. मी संगणकावर पाहिलं, तर पात्रतेची रेषा १६४ला गेलेली. जुलैच्या सुधारित निकालात ती १६२ झाली, तरी पोरगं बाहेरच. पुडा काउंटरवर तसाच राहिला. मी उघडला नाही, त्यांनी परत नेला नाही.

हा घोळ ‘पर्सेंटाईल’ या शब्दाचा आहे. खुल्या प्रवर्गाला ५० पर्सेंटाईल हवं, पण त्याचा अर्थ ५० टक्के मार्क असा नाही. तसं असतं तर ३६० लागले असते. परीक्षेला बसलेल्यांपैकी निम्म्यांना मागे टाकलं की तुम्ही पात्र. त्यामुळे पेपर सोपा गेला की सगळ्यांचे मार्क वाढतात आणि रेषाही चढते; अवघड गेला की ती उतरते. २०२२मध्ये ती ११७ होती, २०२३मध्ये १३७, २०२४मध्ये १६२ आणि २०२५मध्ये १४४. अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींना ४० पर्सेंटाईल पुरतं. त्यांची रेषा २०२४ला १२७ होती, २०२५ला ११३.

जागा रिकाम्या राहिल्या तर खालच्या मार्कांना घेत नाहीत का, असंही लोक विचारतात. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. किमान पर्सेंटाईलची अट आयुर्वेदालाही बंधनकारक आहे, असं न्यायालयानं २०२०मध्ये सांगितलं. हे डॉक्टरही माणसांवरच उपचार करतात, मग त्यांच्या शिक्षणाचा दर्जा का घसरू द्यायचा, हा त्यामागचा विचार.

पण पात्र होणं म्हणजे नुसतं फाटकातून आत येणं. खरी रांग पुढे लागते. राज्याच्या कोट्याच्या प्रवेशफेऱ्या सीईटी सेल घेतो. शासकीय आणि अनुदानित महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, त्यांचं समुपदेशन वेगळं. वरळीचं पोदार, नागपूर, नांदेड, धाराशिव अशा शासकीय महाविद्यालयांत खुल्या प्रवर्गाची यादी पात्रतेच्या दुपटीहूनही वर बंद होते. म्हणून मी पोरांना सांगतो, गेल्या वर्षी किती मार्कांना लागलं ते विचारू नका, कितव्या क्रमांकाला लागलं ते बघा. मार्क पेपरबरोबर हलतात, क्रमांक त्यामानानं कमी हलतो. दोघांचे मार्क सारखे असले तर आधी जीवशास्त्राचे मार्क पाहतात, हेही ध्यानात ठेवा. शिवाय बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के लागतात. ‘नीट’च्या नादात काही जण हेच विसरतात.

दुसरी चूक पसंतीक्रमाची. ‘लागेल ते’ कॉलेज वर टाकतात आणि हवं ते खाली. मग वरचं लागतं आणि खालच्याचा विचारच होत नाही. जे खरंच हवंय तेच पहिलं लिहा. नॉन-क्रिमीलेअर आणि जात वैधतेचे कागद निकालाआधीच काढून ठेवा. तहसीलसमोरची रांग प्रवेशाच्या तारखेसाठी थांबत नाही.

मामांचा धाकटा २०२५ला पुन्हा बसला. पेपर अवघड गेला आणि मार्क घसरून १४९वर आले. रेषा १४४. १५८ला बाहेर राहिलेलं पोरगं १४९ला पात्र! मामांनी टोपी काढून डोकं खाजवलं. “भाऊ, मग ते गेल्या साली हुशार होतं का औंदा?”

“पोरगं होतं तिथंच आहे मामा. रांग मागंपुढं झाली.”

या वेळी पुडा आणला नव्हता. आधी यादीतलं नाव बघू, म्हणाले, आणि स्टूल ओढून बसले.